तीन फुटी फिशटँकसाठी घरी केलेले हूड : कामाच्या नोंदी

१० मार्च २०२४

आज सकाळी सोफ्याच्या मागे झेब्रा डॅनिओ मासा वाळून कडक झालेला सापडला. सहा होते, आता पाच राहिले. डॅनिओ उडी मारतो हे मला ठाऊक होते, तरी टाकीवर आजवर केवळ एक काचेची पट्टी आडवी ठेवून मी काम भागवत होते आणि प्रकाशासाठी भिंतीला लटकवलेला एक बल्ब वापरत होते. टाकीतील व्हॅलिसनेरियाची पाने त्या बल्बच्या दिशेने कलली आहेत आणि दूरच्या कोपऱ्यातील क्रिप्टोकोराइन पिवळे पडत चालले आहे. क्रिप्टोकोराइनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत निसर्गतः उगवतात, त्यामुळे ते रोप आपल्याच घरात मरावे याचे मला जरा अधिकच वाईट वाटते. तेव्हा दिवे असलेले, उघडझाप करता येणारे आणि चारही बाजूंनी बसणारे हूड, म्हणजे टाकीवरचे पेटीसारखे झाकण, स्वतः करायचे असे ठरवले.

टाकीची बाहेरील मापे ३६ × १५ × १८ इंच, म्हणजे साधारण ९१४ × ३८१ × ४५७ मिमी आहेत आणि काच ८ मिमी जाडीची आहे. पाणी ४१ सेंमी उंचीपर्यंत असते. तळातील वाळू आणि दगड वजा जाता ते सुमारे १२५ लिटर भरते. डॅनिओंखेरीज टाकीत मोती गुरामीची एक जोडी आहे. गुरामी पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो, म्हणून हूड कितीही नीट बसले तरी पाणी आणि झाकण यांच्यामध्ये हवेचा थर राहिला पाहिजे.

१६ मार्च

करवत हातात घेण्यापूर्वी गेले सहा दिवस मी एकच गोष्ट मोजली. काचेला बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवली आणि रोज रात्री दहा वाजता पाण्याची पातळी टिपली. पाणी दररोज सरासरी ५ मिमी उतरत आहे. टाकीच्या आतील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ८९८ × ३६५ मिमी असल्याने १ मिमी म्हणजे जवळपास ३३० मिलिलिटर, आणि ५ मिमी म्हणजे रोजचे १.६४ लिटर पाणी हवेत जाते. पुण्यातला कोरडा मार्च आणि डोक्यावर फिरणारा पंखा यांचा विचार करता हे फारसे आश्चर्याचे नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे या आकड्यावर थांबणे मला जमले नाही. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती मुख्यतः टाकीतील पाण्यातूनच घेतली जाते. १.६४ लिटरला हा आकडा लावून २४ तासांवर वाटला की सुमारे ४६ वॅट येतात. म्हणजेच उघड्या टाकीला रात्रंदिवस ४६ वॅटचा शीतक जोडलेला आहे, आणि माठातले पाणी ज्या कारणाने थंड राहते त्याच कारणाने माझे मासे मार्चच्या दुपारी तग धरून आहेत. खोलीत ३२ अंश असताना पाणी २७.५ अंशांवर असते ते यामुळेच. झाकण ठेवणे म्हणजे हा शीतक बंद करणे आणि वर दिव्यांची उष्णता घालणे. दिव्यांची निवड हा या कामातला सोपा भाग असून खरा हिशेब वाफेचा आहे, हे मला आज कागदावर लख्ख दिसले. आराखड्यात मागच्या बाजूला हवेसाठी जागा मात्र मी अंदाजानेच ठेवली आहे.

१७ मार्च

भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये गेले. पहिला विचार मरीन प्लायचा होता. आय. एस. ७१० चा शिक्का असलेला प्लाय उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही असे सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे, परंतु पाण्याला टिकतो तो त्याचा सरस. कापलेल्या कडेतून लाकूड ओल शोषतच राहते आणि प्रत्येक कड, प्रत्येक स्क्रूचे भोक इपॉक्सीने बंद करावे लागते. संपूर्ण हूड ॲक्रिलिकचे करण्याचा मोह आवरला, कारण ॲक्रिलिक एका बाजूने ओले आणि दुसऱ्या बाजूने कोरडे राहिले की ओली बाजू फुगून पत्रा वाकतो. शेवटी १२ मिमी जाडीचा पीव्हीसी फोम बोर्ड घेतला. आमच्याकडचे सुतार त्याला सरसकट डब्ल्यूपीसी म्हणतात, दुकानदारही तसेच बिल करतो. तो पाणी पीत नाही, लाकडासारखा कापता येतो आणि त्याला वाळवी लागत नाही. दोष एकच, की उष्णतेने तो मऊ पडतो; साधारण ६०–७० अंशांच्या पुढे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दिवे थेट त्याला चिकटवायचे नाहीत एवढे लक्षात ठेवले.

बिजागरीसाठी बोहरी आळीत तीन दुकाने फिरले. पितळी बिजागरी सहज मिळत होती, पण पितळेत तांबे असते आणि दमट हवेत त्यावर येणारा हिरवा थर टाकीत पडलेला गोगलगायींना व कोळंबीला सोसत नाही. म्हणून स्टेनलेस स्टीलची सलग लांब, जिला पियानो बिजागरी म्हणतात ती घेतली. स्क्रूही स्टेनलेस मागितले.

२४ मार्च

होळीच्या दिवशी इमारतीच्या वाहनतळात कापण्याचे काम उरकले. खालच्या मजल्यावर एका घरात फर्निचरचे काम सुरू आहे. तेथील सुतारकाकांनी टेबल-करवतीवर सरळ काप मारून दिले. बाकीचे हातकरवत, गुण्या आणि कानस यांवर झाले. काकांनी माझा आराखडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, सगळं झाकण उघडू नका. मागची चार-पाच इंच पट्टी पक्की ठेवा, तारा आणि फिल्टर तिथूनच येऊ द्या, नाहीतर दर वेळी झाकण उघडताना सगळं ओढलं जाईल." सल्ला बरोबर होता. मी वरच्या फळीची मागील १२० मिमी पट्टी कायम ठेवली आणि पुढचा भाग बिजागरीवर घेतला.

पेटीचे आतील माप ९१८ × ३८५ मिमी ठेवले, म्हणजे काचेभोवती प्रत्येक बाजूस २ मिमी मोकळीक राहते. उंची १३० मिमी आहे. बाजूच्या फळ्या काचेच्या बाहेरून २५ मिमी खाली उतरतात आणि हूडचा भार आतून लावलेल्या ३० मिमी रुंद पट्टीवर येतो. या पट्टीने तीन कामे करायची आहेत. ती २ मिमी फट झाकते, ८ मिमी काचेवर टेकते आणि उरलेली २० मिमी टाकीच्या आत डोकावते, जेणेकरून फळ्यांवर जमलेले थेंब ओघळून बाहेर न जाता पाण्यातच पडावेत. सांधे पीव्हीसीच्या सोल्युशनने चिकटवले आणि वर स्क्रू दिले. फोम बोर्डात स्क्रू घट्ट आवळला की पेच फिरून जातो, म्हणून आधी बारीक भोक पाडून हाताच्या पेचकसानेच बसवले. सगळे मिळून वजन सव्वापाच किलोच्या आसपास भरते.

३१ मार्च

तपकीर गल्लीतून दिव्यांचे साहित्य आणले. तयार फिटिंग घेण्याऐवजी १२ व्होल्टची एलईडी पट्टी निवडली, कारण हूडच्या आत २३० व्होल्ट न्यायचेच नाहीत हा माझा पहिला नियम होता. पट्टीवर मीटरला १२० दिवे असून ती मीटरला ९.६ वॅट घेते. प्रत्येकी ८० सेंमीचे चार तुकडे, म्हणजे ३.२ मीटर, ३०.७ वॅट आणि साधारण २.५६ अँपिअर. त्यासाठी ५ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा वीजपुरवठा, घेतला. तो निम्म्या भारावर चालला तर गरम कमी होतो आणि पुढे पंखा जोडायचा झाल्यास वाव राहतो.

वॅटला ९० ल्युमेन धरले तर २,७०० च्या वर ल्युमेन मिळतात, म्हणजे लिटरला सुमारे २२. लाल देठांच्या हट्टी वनस्पतींना हे पुरणार नाही, परंतु व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोराइन, जावा फर्न आणि अनुबियास यांना पुरते. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि वरचा पिवळा लेप त्यातील काही भाग लांब तरंगलांबीत बदलतो. थंड पांढऱ्या दिव्यांत त्यामुळे ४५० नॅनोमीटरच्या आसपास मोठे शिखर असते आणि लाल भाग तोकडा राहतो. म्हणून तीन तुकडे ६,५०० केल्व्हिनचे (थंड पांढरे) आणि एक ३,००० केल्व्हिनचा (उबदार पिवळसर) घेतला. यात वनस्पतींचा विचार आहे, पण गुरामीच्या गळ्यावरचा नारिंगी रंग निव्वळ थंड उजेडात मेलेला दिसतो हेही तितकेच खरे कारण आहे.

७ एप्रिल

चारही पट्ट्या ॲल्युमिनियमच्या यू आकाराच्या पन्हळींत चिकटवल्या आणि वर दुधी पॉलिकार्बोनेटची झाकणे सरकवली. पन्हळ फळीला टेकू नये म्हणून प्रत्येक स्क्रूखाली ६ मिमीची नायलॉनची नळी घातली. दोन तास चालू ठेवून पन्हळीचे तापमान पाहिले तर ४३ अंश भरले. चारही तुकड्यांना वेगवेगळी तार दिली. एकामागून एक जोडले असते तर शेवटचा तुकडा मंद दिसला असता, कारण पट्टीवरील तांब्याचा थर फार पातळ असतो. एसएमपीएस भिंतीवर टाकीच्या पातळीपेक्षा वर बसवला आहे. तेथून हूडपर्यंत दोन मीटर तार लागते, तीही ०.७५ चौरस मिमीची घेतली. घरात असलेल्या बारीक तारेत जवळपास एक व्होल्ट वाया जात होता, हिच्यात पाव व्होल्ट जातो.

टाकीकडून येणाऱ्या प्रत्येक तारेला बोर्डाकडे चढण्यापूर्वी खाली झोल दिला आहे, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका, आहे आणि त्याचे चाचणीचे बटण दाबून तो उडतो याची खात्री करून घेतली. फिल्टर आणि हीटर २३० व्होल्टवरच चालतात, त्यामुळे या बाबतीत कुणीही आळस करू नये.

पन्हळींची टोके बंद करण्यासाठी टाकीच्या डागडुजीतून उरलेले सिलिकॉन वापरले.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर हूड टाकीवर चढवले. दिवे लागले तेव्हा क्षणभर सगळे डॅनिओ तळाशी जाऊन बसले, दहा मिनिटांत वर आले. टाकी प्रथमच एकसारखी उजळलेली दिसली. टायमर दहा तासांवर लावला.

१४ एप्रिल

या आठवड्यात तीन गोष्टी बिघडल्या आणि तिन्ही माझ्याच हातच्या आहेत.

बुधवारी सासूबाईंनी विचारले, "अगं, कपाटावर पाणी कुठून आलंय? टाकी गळते का?" टाकी गळत नव्हती. आतील पट्टीवर आलेले थेंब तिच्या टोकावरून पाण्यात पडण्याऐवजी पट्टीच्या खालच्या अंगाला चिकटून उलटे काचेकडे सरकत होते, काचेच्या माथ्यावरून त्या २ मिमी फटीत शिरत होते आणि बाहेरून ओघळत कपाटावर उतरत होते. पृष्ठताण मी दरवर्षी वर्गात शिकवते. खिडकीवरच्या छज्जाखाली कडेजवळ गवंडी जो चर सोडतो तो याचसाठी असतो हेही सांगते. माझ्या पट्टीला मात्र चर नव्हता. आज हूड उतरवून चारही पट्ट्यांच्या खालच्या बाजूस, आतील कडेपासून ६ मिमीवर, ३ मिमी खोल चर करवतीने ओढला. थेंब आता चरापाशी थबकून खाली पडतो. दिवसभर कागदी रुमाल ठेवून पाहिला, तो कोरडा राहिला.

हूड खाली होतेच म्हणून एका पन्हळीचे टोक उघडून पाहिले आणि तांब्याच्या जोडावर हिरवट थर आढळला. टाकीसाठी वापरतात ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते. त्याला येणारा शिरक्यासारखा वास या आम्लाचाच असतो. मोकळ्या हवेत हे आम्ल उडून जाते, माझ्या बंद पन्हळीत ते कोंडले गेले आणि पाच-सहा दिवसांत त्याने तांबे खायला सुरुवात केली. काचेला काच जोडायला तेच सिलिकॉन उत्तम आहे, पण विजेच्या जोडांजवळ आम्ल न सोडणारे न्यूट्रल सिलिकॉनच हवे. सगळी टोके खरवडून काढली, जोड घासून पुन्हा डाग दिले, त्यांवर उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या चढवल्या आणि नवे न्यूट्रल सिलिकॉन भरून एक दिवस उघड्यावर वाळायला ठेवले.

तिसरी गोष्ट मी १६ मार्चलाच लिहून ठेवली होती आणि तरीही तिच्याकडे पुरेसे पाहिले नाही. पाण्याची घट दिवसाला २ मिमीवर आली, म्हणजे बाष्पीभवनातून जाणारी उष्णता ४६ वॅटवरून सुमारे १८ वॅटवर घसरली. पाण्याचे तापमान शुक्रवारी दुपारी ३१.२ अंश होते. समुद्रसपाटीच्या दाबाला २५ अंशांवर पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर तो ७.६ वर येतो, आणि पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असल्याने आपल्याकडे याहूनही थोडा कमी. गुरामी निवांत होते. डॅनिओ मात्र फिल्टरच्या धारेपाशी गोळा होऊन भराभर कल्ले हलवत होते. झाकण उघडे ठेवून वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला आणि आठवडा काढायचे ठरवले.

२१ एप्रिल

मागच्या पक्क्या पट्टीत ८० मिमीचे भोक पाडून संगणकात वापरतात तसला १२ व्होल्टचा पंखा बसवला. तो हवा बाहेर फेकतो. आत ढकलणारा पंखा लावला असता तर ओली हवा प्रत्येक फटीतून खोलीत आणि तारांच्या भोकांतून बाहेर आली असती. बाहेर खेचताना खोलीतील कोरडी हवा समोरच्या बारीक खाचांतून शिरते, पाण्यावरून सरकते आणि मागून निघते. समोर अशा सहा खाचा कानसून त्यांना आतून नायलॉनची जाळी लावली, कारण डॅनिओला एवढी फटही पुरते असा माझा संशय आहे. पंख्याच्या मागे थर्मोस्टॅट जोडला असून तो २९ अंशांना सुरू होतो आणि २८ ला थांबतो.

चार दिवसांच्या नोंदी अशा आहेत की दुपारी बारा ते रात्री नऊ पंखा बहुतेक वेळ चालतो, पाणी २९.३ अंशांच्या वर गेलेले नाही आणि घट दिवसाला साडेतीन ते चार मिमी आहे. जे पाणी वाचवले म्हणून मी पहिल्या आठवड्यात खूश होते त्यातले बरेचसे परत हवेत जाऊ लागले आहे. फरक इतकाच, की ते आता गरज असेल तेव्हाच जाते. पहाटे पंखा बंद असतो. दोन वॅटचा पंखा पाण्यातून वीस वॅटच्या आसपास उष्णता बाहेर नेतो, हा सौदा मला मान्य आहे. वाफ जाते पण क्षार मागे उरतात, आणि आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचे जड पाणी येते, म्हणून रोजची भर मी आरओच्या पाण्याने घालते व आठवड्याचे पाणी बदलताना नेहमीचे पाणी वापरते.

५ मे

काचेवर आणि अनुबियासच्या पानांवर हिरवे शेवाळ दिसू लागले. दहा तास प्रकाश जास्त झाला. टायमर सात तासांवर आणला, दुपारी चार ते रात्री अकरा, म्हणजे घरी माणसे असताना टाकी उजळलेली असते आणि दुपारच्या उन्हाच्या वेळी दिव्यांची भर पडत नाही. दुसरा फायदा मला आधी सुचला नव्हता. दिवे आणि एसएमपीएसचा तोटा धरून ३५ वॅट मोजले तर महिन्याला साडेसात युनिटच्या आत काम भागते.

व्हॅलिसनेरियाची नवी पाने सरळ वर येत आहेत. क्रिप्टोकोराइनला तीन नवी पाने फुटली, जुनी पिवळी पाने मी कापून टाकली.

२३ जून

पावसाळा सुरू झाल्यापासून चित्र उलटे झाले आहे. खोलीतील हवाच दमट असल्याने घट दिवसाला दीड मिमीवर आली, पंखा फारसा चालत नाही आणि हूडच्या आतील पृष्ठभाग सकाळी थेंबांनी भरलेला असतो. चर आपले काम करत आहे, कपाट कोरडे आहे. पन्हळींत धुके नाही. फोम बोर्ड कुठेही फुगलेला किंवा वाकलेला नाही.

बिजागरीच्या तिसऱ्या स्क्रूखाली मात्र तांबडा ओघळ दिसला. चुंबक लावून पाहिले तर चौदांपैकी दोन स्क्रू लोखंडाचे, वर चकचकीत मुलामा दिलेले निघाले. स्टेनलेसच्या पुडीत ते मिसळलेले होते आणि घेताना मी चुंबक नेला नव्हता. दोन्ही बदलले, भोकांत न्यूट्रल सिलिकॉनचा ठिपका भरला आणि उरलेले बारा एकेक करून तपासले. झाकण उघडेच होते, म्हणून पाचही डॅनिओ मोजून घेतले आणि मग ते मिटले.